बेटावरची ऑर्डर

मैत्रिणींनो, मसाल्यावरचा मागचा लेख छापून आला आणि पाठोपाठ तुमची पत्रं आली. निम्म्या पत्रांत धणे-मिरच्यांचं प्रमाण विचारलेलं आहे, त्याची उत्तरं यथावकाश देईनच. पण बाकीच्या बऱ्याच जणींनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. घरचा मसाला, भाजणी, मेतकूट आम्ही आता ऑनलाइन विकतो, परदेशातूनही मागणी येते, ते पाठवायचं कसं, आणि पाठवलं तर परवडतं का?

लंडन, दुबई, न्यू जर्सी इथं कसं पाठवावं हे सांगणाऱ्या पुष्कळ जणी तुमच्या ओळखीत निघतील. तिकडे रोज पार्सलं जातात, दर ठरलेले आहेत, काही अडलं तर विचारायला कोणीतरी असतं. मी आज मुद्दाम अवघड पत्त्यांबद्दल लिहिणार आहे, म्हणजे बेटांबद्दल. पत्त्यावर नाव असतं फ्रान्सचं, अमेरिकेचं किंवा इंग्लंडचं, आणि प्रत्यक्ष गाव असतं त्या देशापासून हजारो किलोमीटर दूर भर समुद्रात. आपल्यासारख्या घरबसल्या धंदा करणारीचे पैसे बुडतात ते नेमके अशा ठिकाणी.

आमच्या वरळीतल्या एका ताईंचं उदाहरण सांगते. बी.डी.डी. चाळीतल्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत त्यांनी भाजणी-मेतकुटाचा उद्योग सुरू केला. आता चाळीच्या जागी इमारती उभ्या राहताहेत, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांत ताईही होत्या. नव्या घरात स्वयंपाकघर स्वतंत्र, ओटा मोठा, त्यामुळे उत्साहही वाढला. मुलीने फोनवरून विक्रीचं पान तयार करून दिलं. आणि एक दिवस मॉरिशसहून ऑर्डर आली.

मॉरिशसची ऑर्डर यावी यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि देशावरून मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांची पुढची पिढी तिथं आहे, गणेशचतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते. ताईंनी दोनदा गोडा मसाला नि भाजणी पाठवली, दोन्ही वेळा सुखरूप पोचली. तिसऱ्या खेपेला त्या बाई म्हणाल्या, "हे माझ्या बहिणीकडे पाठवा, ती शेजारच्या बेटावर असते, रियुनियनला." शेजारचंच बेट, तेव्हा खर्च तेवढाच, असं समजून ताईंनी मॉरिशसच्याच हिशेबाने टपालखर्च सांगितला आणि पैसे घेतले. कुरिअरच्या खिडकीवरच्या मुलाने पत्ता पाहिला, "फ्रान्स ना? होईल की," म्हणाला आणि पार्सल घेतलं.

मी एका शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, म्हणून दोन शब्द नकाशाचे. मॉरिशस आणि रियुनियन यांच्यात अंतर जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे आपण वरळीहून दापोलीला जावं तेवढं. पण मॉरिशस हा १९६८ पासून स्वतंत्र देश आहे आणि रियुनियन हा १९४६ पासून फ्रान्सचा एक जिल्हाच आहे. तिथं युरो चालतो, टपाल फ्रेंच टपालखात्याचं, कायदा फ्रान्सचा. मुंबईपासून हे बेट पाच हजार किलोमीटरांच्या आत आहे, आणि पॅरिसपासून नऊ हजारांहून जास्त! पत्ता फ्रान्सचा म्हणून पार्सल जर आधी युरोपात जाऊन मग खाली आफ्रिकेकडे आलं, तर आपल्या भाजणीने अर्ध्या जगाची यात्रा केली म्हणायची.

तर ताईंच्या पार्सलाचं पुढे काय झालं? कुरिअरच्या बिलात फ्रान्सचा दर लागला, त्यावर 'दुर्गम भाग' म्हणून वेगळा आकार लागला. खासगी कुरिअर कंपन्या अशा गावांच्या याद्याच ठेवतात, आणि तो आकार पुष्कळदा पार्सल गेल्यानंतर बिलात येतो. तिकडे पोचल्यावर कस्टमने कर मागितला, कर गोळा करण्याची फी वेगळी. त्या बहिणीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "मी पैसे दिलेत ना बहिणीकडे, आता कसले?" म्हणून तिने पार्सल नाकारलं. नाकारलेलं पार्सल परत आलं, आणि परतीचं भाडंही ताईंच्याच माथी. ऐन गणपतीच्या दिवसांत तीन आठवडे पहाटे उठून जे कमावलं होतं ते एका खोक्यात गेलं. शिवाय मॉरिशसच्या बाई नाराज झाल्या त्या झाल्याच. ताईंच्या यजमानांनी घरात एवढंच म्हटलं, "बंद कर आता हे." मला खरी काळजी वाटते ती या वाक्याची. पैशांचं नुकसान पुढच्या हंगामात भरून निघतं, पण घरातल्या बाईच्या धंद्यावरचा घरच्यांचा विश्वास एकदा उडाला की तो परत मिळवायला फार वेळ लागतो.

म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. पत्त्यातलं देशाचं नाव म्हणजे टपालाचा दरही नव्हे आणि कराचा नियमही नव्हे. या दोन्ही गोष्टी पिनकोड सांगतो. आपल्याकडे पिनकोड १९७२ च्या १५ ऑगस्टला सुरू झाला, आणि तो ज्यांच्या कल्पनेतून आला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी! महाराष्ट्रात वडगाव नावाची किती गावं आहेत ते मोजायला बसा, म्हणजे त्यांनी केवढं काम करून ठेवलंय ते कळेल. साहेबाच्या देशातही हीच तऱ्हा. नेपोलियनला जिथं कैदेत ठेवलं होतं ते सेंट हेलेना बेट इंग्लंडच्या ताब्यातलं, दक्षिण अटलांटिक समुद्रातलं. तिथली पत्रं चुकून इंग्लंडातल्याच सेंट हेलेन्स गावी जात. शेवटी त्या अख्ख्या बेटाला स्वतंत्र पोस्टकोड द्यावा लागला.

फ्रान्सचा पिनकोड पाच आकडी असतो. त्याची सुरुवात ९७ किंवा ९८ ने झाली की थांबा आणि नीट पाहा. ९७४ म्हणजे रियुनियन, ९७१ ग्वादलूप, ९७२ मार्तिनिक, ९७३ फ्रेंच गयाना, ९७६ मायोत, ९८७ ताहितीकडची बेटं, ९८८ न्यू कॅलेडोनिया. (फक्त ९८० आला तर भिऊ नका, ते मोनॅको, युरोपातच आहे.) अमेरिकेच्या बाबतीत ९६९ ने सुरू होणारा कोड म्हणजे ग्वाम आणि त्या बाजूची प्रशांत महासागरातली बेटं. ऑस्ट्रेलियाचा ६७९८ म्हणजे ख्रिसमस बेट, २८९९ म्हणजे नॉरफोक बेट. हे आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, पाठ करायची गरज नाही.

आता कराची गोष्ट. रियुनियन, मार्तिनिक वगैरे बेटांवर एक कर आहे, त्याचं फ्रेंच नाव 'ऑक्त्र्वा द मेर'. यातला ऑक्त्र्वा म्हणजे आपला ऑक्ट्रॉयच, आणि मेर म्हणजे समुद्र. समुद्राची जकात! मुलुंड-दहिसरच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागायच्या त्या तुमच्यापैकी अनेकींना आठवत असतील. आपली जकात २०१७ च्या १ जुलैला जी.एस.टी. आल्यावर गेली, त्यांची अजून आहे. खुद्द फ्रान्समधून बेटावर गेलेल्या मालावरही ती बसते, तर मग वरळीच्या भाजणीची काय कथा! गंमत अशी की तिथला विक्रीकर फ्रान्सपेक्षा कमी आहे, फ्रान्समध्ये सर्वसाधारण दर २० टक्के, रियुनियनमध्ये साडेआठ. म्हणजे 'फ्रान्सला इतका कर लागतो' हे कोणी सांगितलं तरी त्यावरून बेटाचा हिशेब निघत नाही, कमीही नाही आणि जास्तही नाही.

अमेरिकेचीही अशीच वेगवेगळी बेटं आहेत. प्वेर्तो रिको हे अमेरिकेच्या कस्टमच्या हद्दीत धरतात, पण ग्वाम आणि व्हर्जिन बेटं त्या हद्दीच्या बाहेर. टपाल मात्र या सगळ्यांचं अमेरिकेच्याच टपालखात्याकडे. आणि मुख्य अमेरिकेचे नियमही अलीकडे कसे भराभर बदलले ते तुम्ही वाचलं असेलच. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस तिथली लहान पार्सलांची करमाफी गेली, आपल्या टपालखात्याने तिकडची मालाची पार्सलं घेणं थांबवलं, आणि ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा सुरू केलं ते कर इथंच आगाऊ भरून घेण्याच्या पद्धतीने. दिवाळीच्या तोंडावर कितीजणींची फराळाची खोकी घरीच पडून राहिली असतील! सांगायचं काय, की मागच्या वर्षीचा दर आणि मागच्या वर्षीचा नियम यंदा धरून चालू नका. प्रत्येक ऑर्डरच्या वेळी नव्याने विचारा.

केमन बेटांवर आपल्याकडचे हिशेबनीस, नर्सेस बऱ्याच संख्येने नोकरीला जातात. बेटं इंग्लंडच्या ताब्यातली, पण कस्टम त्यांचं स्वतःचं. तिथं आयकर नाही, म्हणून सरकारच्या तिजोरीत बाहेरून येणाऱ्या मालावरच्या शुल्काचा वाटा मोठा. आणि आपल्याला ऐकून नवल वाटेल, पण तिथं पोस्टमन दारावर येत नाही. ज्याने त्याने पोस्टात जाऊन आपल्या पेटीतून टपाल घ्यायचं. त्यामुळे गिऱ्हाइकाने घराचा कितीही सुंदर पत्ता दिला तरी पोस्टाने पाठवताना पी.ओ. बॉक्सचा नंबर मागितल्यावाचून पार्सल बांधू नका. कुरिअरचं नेमकं उलट, त्यांना घराचा पत्ता आणि फोन नंबर लागतो, नुसत्या पी.ओ. बॉक्सवर ते सहसा नेत नाहीत.

परदेशाचं राहू द्या, आपल्याच देशातल्या बेटांची तऱ्हा काय वेगळी आहे? लक्षद्वीपचे पिनकोड ६८२ ने सुरू होतात, कवरत्तीचा ६८२५५५. ६८२ म्हणजे कोचीही. विक्रीच्या पानावरचं यंत्र नुसते पहिले तीन आकडे बघणारं असेल तर ते खुशाल कोचीचा दर लावतं आणि 'चार दिवसांत घरपोच' असं सांगून मोकळं होतं. मग पार्सल कोचीहून बोटीची किंवा विमानाची वाट बघत बसतं, पावसाळ्यात तर विचारूच नका. अंदमानचे पिनकोड ७४४ ने सुरू होतात. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, पण गिऱ्हाईक दोन्हींपैकी कुठलंही लिहील, म्हणून इथंही पिनकोडच पाहायचा. खासगी कुरिअर यातल्या पुष्कळ ठिकाणी जात नाहीत किंवा जादा आकार घेतात. आपलं टपालखातं मात्र वजन आणि अंतर पाहून दर लावतं आणि बेटांवरही जातं. सैन्यातल्या जवानांच्या पत्त्यांचंही तसंच. ५६ ए.पी.ओ. किंवा ९९ ए.पी.ओ. असा पत्ता असेल तर पोस्टावाचून गत्यंतर नाही. मी तर म्हणेन, परदेशी पार्सलाची हौस करण्याआधी दोन-चार पार्सलं लक्षद्वीप-अंदमानला पाठवून पाहा. कस्टमची भानगड नाही, आणि लांबच्या प्रवासात आपला माल कसा टिकतो ते कळतं.

पोस्टाबद्दल आणखी एक. आपला देश जागतिक टपाल संघटनेत १८७६ पासून आहे. त्या करारामुळे इथल्या पोस्टात दिलेलं पार्सल तिथल्या पोस्टाने पुढे न्यायचं असतं, मग गाव कितीही आडबाजूचं असो. वेळ लागतो, हे खरं. पण बेटांसाठी मी तरी पहिल्यांदा पोस्टाचाच दर विचारते. परदेशी पार्सलासाठी आता बऱ्याच पोस्टांत डाक घर निर्यात केंद्र सुरू झालं आहे. २०२२ च्या डिसेंबरपासून टपालाने निर्यात करण्याचे कागद संगणकावरून भरता येतात, त्यामुळे बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात स्वतः खेटे घालायची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही. जवळचं केंद्र कुठं आहे ते आपल्या पोस्टमास्तरांना विचारा, संकोच करू नका.

कागदपत्रांचं नाव काढलं की आपल्या पोटात गोळा येतो. पण त्यात अवघड असं थोडंच आहे. परदेशी माल विकायचा तर आय.ई.सी. म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर लागतो. तो पॅनकार्डावर मिळतो, सरकारी फी पाचशे रुपये, अर्ज घरूनच करता येतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यावरची माहिती पुन्हा कायम करावी लागते, ते विसरलात तर नंबर बंद पडतो. घरच्या गॅसवर केलेले पदार्थ विकायलाही अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते. परदेशी विक्रीला तीच पुरते की मोठा परवाना हवा, ते आपल्या पदार्थाचं नाव सांगून विचारून घ्या. आणि जी.एस.टी.चं म्हणाल तर 'माझी उलाढाल लहान आहे' एवढ्यावर विसंबू नका. परदेशी विक्री ही राज्याबाहेरची विक्री धरली जाते, तिचे नियम निराळे आहेत. एक दिवस एखाद्या चांगल्या सी.ए.ची फी भरा, वर्षभराची झोप शांत लागेल. गिऱ्हाइकाचे पैसे बँकेत आल्याची पावतीही फाईलला लावून ठेवा.

आता एक नाजूक विषय. पुष्कळ जणी पार्सलावर 'भेटवस्तू' असं लिहितात, म्हणजे कर लागत नाही अशी समजूत. विकलेला माल भेट म्हणून दाखवणं हे खोटं आहे, आणि आत बिल सापडलं की पार्सल तर अडकतंच, शिवाय आपलं नावही खराब होतं. आत्याने भाचीला लाडू पाठवले तर ती भेट. पैसे घेऊन पाठवले तर ती विक्री, मग गिऱ्हाईक सख्खी भाची का असेना. तसंच 'खाऊ', 'होममेड फूड' असलं मोघमही लिहू नका. भाजणी म्हणजे 'भाजलेल्या धान्यांचं पीठ', मेतकूट म्हणजे 'भाजलेल्या डाळी-तांदळाचं मसाला घातलेलं पीठ', असं इंग्रजीत स्पष्ट लिहा, वजन आणि किंमत खरी लिहा. मालाचा एक सांकेतिक आकडा असतो, एच.एस. कोड म्हणतात, त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे. मसाल्यांची मिश्रणं ०९१० या शीर्षकाखाली सापडतील. पांढुरक्या पिठाच्या पिशवीवर काहीच लिहिलेलं नसलं तर कस्टमच्या माणसाला भलताच संशय येणार, त्याला तरी आपण दोष कसा द्यावा?

काय पाठवावं आणि काय पाठवू नये, हे आपल्या अधिकारातलं क्षेत्र. रियुनियनसारखी बेटं युरोपच्या नियमांत येतात, तिथं मांस आणि दुधाचे पदार्थ असे सहजासहजी शिरू देत नाहीत. तेव्हा पेढे, बर्फी, खव्याच्या करंज्या मनातून काढून टाका. साजूक तुपातले लाडूसुद्धा विचारल्याशिवाय नकोतच, शिवाय महिनाभराच्या प्रवासात ते खवट होणार ते वेगळंच. आमच्या वरळी कोळीवाड्यातल्या एका मावशींनी सोडे नि बोंबील पाठवण्याबद्दल विचारलं होतं. सोडे त्यांचे नंबर एक असतात, पण युरोपात मासळी विकायला मान्यताप्राप्त कारखाना नि आरोग्याचा दाखला लागतो, म्हणून मावशींना मी इथल्याच गिऱ्हाइकांवर भर द्या म्हटलं. खसखस हा आणखी एक धोका. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखशीला बंदी आहे आणि ती फार कडक आहे. अनारसे पाठवणारणींनी आणि गोड्या मसाल्यात खसखस घालणाऱ्यांनी हे घट्ट लक्षात ठेवावं, कारण पार्सल तिथं उतरून पुढे जाणार असेल तरी चौकशी करूनच पाठवलेलं बरं. लोणची चवीला फार छान, पण तेल गळलं की आपलंच नव्हे, शेजारच्या दहा पार्सलांचं वाटोळं.

टिकाऊ म्हणाल तर भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, गोडा मसाला, तिखट आणि आमसुलं. पीठ गिरणीतून येतं ते गरम असतं, ते लगेच पिशवीत भरलं की आत घाम धरतं आणि पंधरा दिवसांत जाळं होतं. स्वच्छ कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्या, रात्रभर ठेवलं तरी चालेल, पण मुंबईच्या पावसाळी हवेत पंख्याखाली उघडं ठेवू नका, बंद खोलीत ठेवा. मसाला कुटल्यावरही तेच. मग अर्ध्या-अर्ध्या किलोच्या जाड पिशव्या, हवा काढून, दोनदा सील करून. खोक्यात मोकळी जागा राहता कामा नये, नाहीतर पिशव्या आपटून फुटतात. आतमध्ये पत्त्याची एक चिठ्ठी ठेवा, वरचं लेबल निघालं तर तिचाच आधार.

चकली-चिवड्याबद्दल मात्र माझं मत ऐका. खासगी कुरिअर नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याचं आकारमानही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि पाच हजारांनी भागायचं. येतील तेवढे किलो. समजा चाळीस बाय तीस बाय पंचवीसचं खोकं आहे. गुणाकार झाला तीस हजार, भागिले पाच हजार, म्हणजे सहा किलो. आत तुमचा चिवडा नि चकल्या मिळून अडीच किलो असल्या तरी पैसे सहा किलोंचे! चिवडा म्हणजे अर्धी हवा, आणि त्या हवेचं भाडं आपण भरायचं. त्याच खोक्यातून सहा किलो मसाला-भाजणी पाठवली तर भाडं तेवढंच, माल जवळजवळ अडीचपट. बेटावरच्या गिऱ्हाइकाला मी तर चकल्यांऐवजी चकलीची भाजणी आणि सोबत करायची रीत लिहून पाठवीन. तिच्याही घरात ताज्या चकल्यांचा वास दरवळेल.

शेवटी पैशांचं बोलू. विक्रीच्या पानावर 'जगात कुठेही टपालखर्च मोफत' असं लिहायचा मोह टाळा. मोठ्या कंपन्यांना ते जमतं, आपल्याला नाही. मालाची किंमत वेगळी लिहा आणि टपालखर्च 'पिनकोड कळल्यावर सांगू' असं लिहा. पिनकोड आला की पोस्टाचा आणि एका कुरिअरचा, असे दोन दर काढा. कुरिअरला स्पष्ट विचारा, "दुर्गम भागाचा आकार यात धरलाय ना?" आणि उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. मग गिऱ्हाइकाला तिन्ही गोष्टी एकत्र कळवा: माल इतक्याचा, टपाल इतकं, आणि तिथला कर व कस्टमची फी तुम्हाला पार्सल सोडवताना भरावी लागेल. यावर तिचं 'हो' आल्याशिवाय पैसे घेऊ नका. भेट म्हणून दुसऱ्याच्या नावे मागवलेलं असेल तर ज्याच्या हाती पार्सल पडणार त्यालाही हे कळवायला सांगा. ताईंच्या पार्सलाचं घोडं तिथंच अडलं होतं.

पोस्टाच्या पार्सलाच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो, तो बहुतेक जणी न वाचताच सोडून देतात. पार्सल पोचवता आलं नाही तर काय करायचं, पाठवणाराकडे परत आणायचं की तिथंच सोडून द्यायचं? परत आणण्याचं भाडं आपल्याकडून घेतलं जाऊ शकतं. हजार-बाराशेचं पीठ असेल तर ते भाडं मालाहून महाग पडायचं, आणि दोन महिने फिरून आलेलं पीठ कोण खाणार? अशा वेळी 'सोडून द्या' यावर खूण केलेली बरी. चांदीची भांडी किंवा पैठणी असेल तर गोष्ट वेगळी, तिथं 'परत आणा'च.

आणि एखाद्या पत्त्याचा हिशेब जमतच नसेल तर नाही म्हणा. नम्रपणे सांगा की "आमच्याकडून तिथं पाठवणं सध्या होत नाही, मुंबईतला कोणी नातेवाईक तिकडे जाणार असेल तर त्यांच्या घरी पोचवू." आमच्या ताई आता हेच करतात. मॉरिशसला स्वतः पाठवतात, रियुनियनच्या बहिणीचं खोकंही मॉरिशसलाच जातं, आणि येणाजाणारं कोणी असेल त्याच्याबरोबर ती ते मागवून घेते. या दिवाळीला दोघी बहिणींनी मिळून आठ किलो भाजणीची ऑर्डर दिली आहे.